सावळा आणि अडलेला राजा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मावशीनं विचारलं, मुलाचे वडील काय करतात? शेती सगळ्यांचीच असते, म्हणून ती कुणी सांगत नाही. "हुंकार देतात," असं उत्तर आलं. मावशी जव्हारला राहते. तिला ते सरपंचाच्या खालचं एखादं पद वाटलं आणि तिनं मान डोलावून होकार कळवला.

हुंकार देणं म्हणजे काय, ते मला इथे आल्यावर कळलं. आमच्याकडे भात घरात आलं की कणसरीची कथा लावतात. कणसरी म्हणजे धान्याची देवी. कथा सांगणारा काशाची थाळी पुढ्यात घेतो. थाळीत मेणानं एक काडी उभी केलेली असते. काडीवरून राखेचा हात ओढला की थाळी घूं घूं करायला लागते आणि त्या आवाजावर कथा चालते. सांगणारा एक ओळ सांगतो आणि थांबतो. शेजारी बसलेला माणूस "हां" म्हणतो. मग पुढची ओळ. हां आली नाही तर पुढची ओळ येत नाही.

हा हां म्हणणारा माणूस म्हणजे माझे सासरे सावळा. मी त्यांना मामा म्हणते. कथा सांगणारे कान्हाबाबा, खालच्या पाड्यावरचे. माझा नवरा जन्मला त्याच्या आधीपासूनची ही जोडी. कान्हाबाबांचा आवाज मोठा, मिशा मोठ्या, मान मोठा. मामा त्यांच्या डाव्या बाजूला गुडघे जवळ घेऊन बसणार आणि हां म्हणणार. "त्याला सारा जन्म हां, आन माला एकदा तरी बोललास काय?" असं माझी सासू भागी अधूनमधून विचारते. 

तर गेल्या श्रावणात शहरातून एक बाई आल्या. कुठल्याशा महोत्सवासाठी त्या लुप्त होत चाललेली कला शोधत होत्या. कला आमच्या पडवीत चहा पीत बसली होती, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. बाईंच्या गळ्यात खास आदिवासी माळ होती. तशी माळ आमच्या पाड्यावर कुणीच घालत नाही, म्हणून सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"कथा किती वेळ चालते?" बाईंनी विचारलं.

"कोंबडं आरवंपर्यंत," कान्हाबाबा म्हणाले.

"दहा मिनिटांत बसवू या." बाईंनी मामांकडे बघितलं. "आणि हे बाबा नक्की काय करतात?"

"हां बोलतो," मामा म्हणाले.

"तेवढंच?"

कान्हाबाबा मिशीवर हात फिरवत होते. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता तो सांगेल, असं मामांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"मग तुम्ही एकटेच या ना," बाई म्हणाल्या. "हां काय, प्रेक्षकसुद्धा म्हणतील."

"चालंल," कान्हाबाबा म्हणाले.

मी कपात चहा ओतत होते. ते चालंल इतक्या चटकन आलं की मला राग यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तो नंतर आला आणि पुष्कळ दिवस राहिला.

कान्हाबाबा गेले, शाल आणि सन्मानचिन्ह घेऊन परत आले. तिथे काय झालं ते आम्हाला हरेशनं सांगितलं. हरेश दाभोशाच्या बाजूला जीप चालवतो, त्याच्याच जीपनं ते गेले होते. कान्हाबाबांनी पहिली ओळ सांगितली आणि सवयीनं थांबले. लोकांना वाटलं कथा संपली. टाळ्या झाल्या. दुसरी ओळ, पुन्हा थांबले, पुन्हा टाळ्या. असं पाच-सहा वेळा झाल्यावर निवेदकानं माइक घेतला, या अद्भुत सादरीकरणाबद्दल आभार मानले आणि पुढच्या नृत्याला बोलावलं. कथेत तेव्हा कणसरी माणसांच्या वागण्यावर रुसून घर सोडायला निघाली होती. उंबऱ्यापर्यंत आली होती; तिची समजूत घालून तिला घरी परत आणतात, ते पुढे येतं. ती तशीच राहिली.

पोशी आजी आमच्या पाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई. ती कुणालाच सोडत नाही. "एवढ्या लांब नेऊन बाईला उंबऱ्यावर उभी करून आलास काय रं?" तिनं कान्हाबाबांना भर वाटेत विचारलं. "आन शाल तू पांघरून आलास?"

मामांनी एवढंच केलं, की हां म्हणायचं सोडून दिलं. कथेतलं नव्हे, साधंसुद्धा. जेवायला वाढू का, तर मान हलवायची. बैल बांधले का, तर मान हलवायची. आधी मला वाटलं दात दुखत असेल. मग लक्षात आलं की त्यांच्याजवळ एकच शब्द होता, आणि त्याला कुणीतरी "तेवढंच?" म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण सुनेनं सासऱ्याला अशा बाबतीत काय म्हणायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

माझा नवरा दिपेश वसईला कंपनीत आहे. गणपतीला आला तेव्हा जुना मोबाईल मला देऊन गेला. आमच्याकडे रेंज फक्त वरच्या खडकावर उभं राहिल्यावर मिळते, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर. म्हणून त्या मोबाईलचा एकच उपयोग उरला. त्यात दिपेशच्या खोलीवरच्या कुणीतरी एक जुना जपानी खेळ घालून ठेवला होता. एक पोरगा जग वाचवायला निघतो, असा. बोलणं सगळं इंग्रजीत लिहून येतं. माझ्या बी.ए.चा आजवर झालेला एकमेव फायदा म्हणजे ते मला वाचता येतं.

मी पडवीत बसून मोठ्यानं वाचायची, मराठी करून. मामा शेजारी नुसते बसलेले. एक म्हातारा पुजारी सांगत होता, "फार जुन्या काळी या भुईवर अंधार उतरला." या खेळांची रीत अशी, की कुणी एक वाक्य बोललं की ते चौकटीत लिहून येतं आणि खाली एक बाण लुकलुकत राहतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत पुजारी पुढे बोलत नाही. मला चुलीवरची डाळ आठवली आणि मी तशीच आत बघत राहिले.

"हां," शेजारून आवाज आला.

मी वळून बघितलं. मामा मोबाईलकडे बघत होते. मी बटण दाबलं. पुढचं वाक्य आलं, बाण लुकलुकायला लागला.

"हां," मामा म्हणाले. मग जरा पुढे सरकून त्यांनी विचारलं, "हा थांबतो?"

"थांबतो."

"हां बोललंच नाय कोणी तर?"

"तर बॅटरी संपेपर्यंत थांबेल."

मामांनी विचार केला. "जपानची माणसं भात खातात काय?"

"भातच खातात."

"मग बरोबर," मामा म्हणाले. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला. जे भात खातात त्यांच्याकडे कणसरी असणार, कणसरी आहे तिथे कथा असणार, आणि कथा आहे तिथे हुंकार लागणारच. माझ्या कॉलेजातल्या कुठल्या सरांनी इतक्या थोडक्यात काही समजावून दिल्याचं मला आठवत नाही, आणि ते साफ चुकीचं होतं हे सांगायची मला इच्छा झाली नाही.

तेव्हापासून दुपारी कामं आटपली की आम्ही दोघं जग वाचवायला बसायचो. हिरोचे केस साळिंदरासारखे. तो तोंड उघडत नाही. लोक त्याच्यापुढे येऊन तासभर बोलतात, तो गप्प, आणि तरी लोक म्हणतात, वा, काय बोललास! "हा हुंकार देणारा आहे," मामा म्हणाले. राजा त्याला बोलावून सांगतो की जग बुडायला आलंय, सगळं तुझ्या हातात आहे. आणि खजिन्यातून एक काठी काढून देतो. अख्खा महाल सोन्याचा, आणि जग वाचवायला काठी. "मानधनावर घेतलाय," सासूबाई आतून म्हणाल्या. त्यांनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलेली वर्षं अजून त्यांच्या डोक्यातून गेलेली नाहीत.

हिरो वाटेल त्याच्या घरात शिरतो, मडकी फोडतो, फडताळातलं औषध खिशात घालतो. घरवाली शेजारी उभी, आणि म्हणते, आज हवा किती छान आहे! परत जाऊन बोला, परत हवा छान. प्रत्येक माणसाला एकच वाक्य दिलेलं. मामांना याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे पाहणीला येणाऱ्या माणसांनाही एकेकच वाक्य दिलेलं असतं. पुढे एक पूल तुटलेला होता आणि पुलाशी एक माणूस उभा होता, तो म्हणत होता, काम चालू आहे. मामांनी मला दोनदा वाचायला लावलं. "हा खेळ जपानचा आहे ना नक्की?" त्यांनी विचारलं.

आणि आकाश लाल झालेलं, दैत्य उद्या जग गिळणार, पण हिरोनं मधेच मासे धरायला जावं, कुणाची हरवलेली मांजर शोधून द्यावी. दैत्य बिचारा वाट बघत बसतो. मेलेल्या सोबत्यावर एक पीस फिरवलं की तो उठून बसतो, आणि रात्रभर धर्मशाळेत झोपलं की सगळ्या जखमा भरतात. या झोपेची चौकशी सासूबाईंनी बारकाईनं केली. गुडघ्यालाही चालते का, हे त्यांना हवं होतं.

मग तो प्रसंग आला. राजाची मुलगी दैत्यानं पळवलेली. राजा विचारतो, "वीरा, माझ्या मुलीला सोडवून आणशील?" खाली दोन शब्द आले. मी बोट पुढे नेलं तसं मामांनी थांबवलं.

"वरचं हां. खालचं काय?"

"नाही."

"नाय पण असतं?"

"असतं. उपयोग नसतो."

"दाब."

मी "नाही"वर बोट दाबलं. राजा म्हणाला, "अरे, असं नको म्हणूस!" आणि पुन्हा विचारलं, "माझ्या मुलीला सोडवून आणशील?" पुन्हा तेच दोन शब्द. मामांनी मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. नाही. अरे, असं नको म्हणूस. नाही. अरे, असं नको म्हणूस. कोंबड्या घरी आल्या तरी मामा राजाला नाही म्हणतच होते. एवढ्या वेळा आमच्याकडे कुणी नाही म्हटलं असतं तर त्याचं नाव सगळ्या योजनांतून गेलं असतं. राजाचा आवाज एकदासुद्धा चढला नाही.

"रागवत नाही हो तो," मी म्हटलं.

"रागवून जाईल कुठं?" मामा म्हणाले. "त्याचं अडलंय." आणि ते हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. राजाचं अडलेलं असतं, ही गोष्ट त्यांना या वयात कळली होती.

दसरा झाला, भात कापून, झोडून घरात आलं. नवा तांदूळ कणसरीची कथा झाल्याशिवाय शिजवायचा नाही, ही आमची रीत. आता कणसरी तर कुठल्याशा सभागृहाच्या उंबऱ्यावर उभी. घराघरात नव्या भाताचा वास, आणि चुलीवर रेशनचा तांदूळ. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आली तशा बायका चिडल्या. सगळ्यांनी कान्हाबाबांना धरलं. त्यांनी मान वर करून सांगितलं की हुंकार काय, कोणीबी देईल, आणि हरेशला शेजारी बसवलं.

हरेश मनाचा चांगला आहे. पण त्याचं निम्मं लक्ष जीपच्या सीटांवर. तो कधी ओळ संपायच्या आधीच हां म्हणायचा, कधी म्हणायचाच नाही, आणि एकदा म्हणाला, "ओके." कान्हाबाबांची थाळी घुमत राहिली आणि ते गप्प. कणसरी उंबऱ्यापर्यंत यायची आणि त्यांना पुढचं आठवायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा उंबरा. "पाय अवघडला असंल तिचा," पोशी आजी म्हणाली आणि उठून गेली. मग बाकीचेही उठले.

दुसऱ्या दिवशी कान्हाबाबा आमच्या अंगणात आले. मामा पडवीत मोबाईल घेऊन बसले होते. मी वाचत होते, मामा हां म्हणून बटण दाबत होते. कान्हाबाबा कुंपणाशी उभे राहून ऐकत होते, ते आम्हाला आधी दिसलंच नाही.

"यंत्राला हुंकार देतोस?" ते ओरडले. आवाजात राग होता, पण नवऱ्याला दुसरीच्या घरातून निघताना बघावं तसं तोंड झालं होतं. "माझा हुंकार, आन यंत्राला?"

मामांनी मान वर केली नाही. "तो माझ्याबिगर पुढं जात नाय," ते म्हणाले.

कान्हाबाबा आले तसे निघून गेले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी ठेवलेला चहा मी प्यायले आणि मला तो फार गोड लागला.

पण नवा तांदूळ तसाच होता. आणि मामा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना कान्हाबाबा हवे होते. जग वाचवायला त्यांची हरकत नव्हती, पण डाव्या बाजूला बसून ज्याच्या तोंडाकडे इतकी वर्षं बघितलं, तो माणूस त्यांना हवा होता. मला हे दिसत होतं. आता कान्हाबाबा पुन्हा आले नाहीत तर हे दोघं म्हातारे असेच मरतील, अशी मला भीती वाटायला लागली. मी खरंच घाबरले होते.

ते आले. परवा दुपारी, थाळी त्या महोत्सवाच्या शालीत गुंडाळून. कुणाला काही न बोलता पडवीत बसले, डावी बाजू मोकळी ठेवून. मामांनी हातातला मोबाईल बंद केला. मग उठले, मोबाईल माझ्या हातात दिला आणि जाऊन त्या जागेवर गुडघे जवळ घेऊन बसले. शेजारच्या बायका आल्या. पोशी आजीला तिची नात हाताला धरून घेऊन आली. कान्हाबाबांनी राखेत बोटं बुडवली, काडीवरून हात ओढला. थाळी घुमायला लागली.

"कणसरी उठली, उंबऱ्यापाशी आली," कान्हाबाबांनी ओळ म्हटली आणि थांबले.

"नाय," मामा म्हणाले.

कान्हाबाबांचा हात काडीवर तसाच राहिला.

"काय बोलला?" पोशी आजीनं विचारलं. तिला कमी ऐकू येतं.

"नाय बोलला," सासूबाई म्हणाल्या.

"नाय पण असतं?"

कान्हाबाबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा थाळी घुमवली, पुन्हा तीच ओळ म्हटली. "नाय," मामा म्हणाले. शांतपणे, अजिबात न रागावता. हे कुठून आलं ते अख्ख्या अंगणात मला एकटीला माहीत होतं, आणि मी पदर तोंडात धरून उभी होते.

"अरे, कथा हाये ही," कान्हाबाबा म्हणाले. "कथेत हां बोलतात."

"नाय."

कान्हाबाबा भडकले. थाळी उचलली, शाल काखेत मारली, तरातरा कुंपणापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. मामा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते, समोर बघत होते. आता हसू यायचं थांबलं होतं. मी मनात म्हणत होते, मामा, पुरे करा, हां म्हणा, नाहीतर कान्हाबाबा जातील. तो राजा मोबाईलमध्ये असतो, त्याला जायला जागा नसते. हा माणूस आहे, याला खाली घर आहे.

कान्हाबाबा परत आले. थाळी खाली ठेवली, त्याच जागेवर बसले, आणि हात आपोआप काडीवर गेला. थाळी अगदी हळू घुमायला लागली.

"त्या बाईनं इचारलं, हा काय करतो," कान्हाबाबा म्हणाले, आणि कथेतल्यासारखे थांबले.

मामांनी नाय म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

"तवा मी बोलायला पायजे होतो. याच्याबिगर माला पुढची ओळ दिसत नाय, असा बोलायला पायजे होतो." थांबले. "नाय बोललो. चालंल बोललो."

 पोशी आजीनं नातीला विचारलं नाही काय चाललंय म्हणून. बहुतेक तिला ऐकू आलं होतं.

"तिथं सगळे टाळ्या वाजवीत होते," कान्हाबाबांचा तो मोठा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. "आन मी दर ओळीला डाव्या अंगाला बघत होतो. तुझ्या जागी टेबलफॅन ठेवलेला, सावळ्या. तो मान हलवीत होता. नाय नाय करीत होता."

कान्हाबाबा थांबले. थाळीसुद्धा थांबली. ते मामांच्या तोंडाकडे बघत होते, त्या दिवशी चहाच्या वेळी मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते तसे.

"हां," मामा म्हणाले.

मी रडले. उघड रडले, लपवायला पदर होता तरी लपवलं नाही. कान्हाबाबांनी सन्मानाच्या शालीनं नाक पुसलं, बोटं पुन्हा राखेत बुडवली, आणि कणसरीनं उंबऱ्यावरून पाय उचलला. मामा म्हणाले, हां. सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी नव्या भाताच्या कणगीवरचं झाकण काढून ठेवलं.